राळ, मेण आणि गेरू : ठाण्याच्या बाजारातील साहित्यातून मेणचित्र

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानात मी पहिल्यांदा ‘डॅमर’ मागितले, तेव्हा दुकानदारांनी शांतपणे डांबरगोळ्यांची पुडी समोर ठेवली. चूक त्यांची नव्हती. मीच परदेशी पुस्तकातला शब्द जसाच्या तसा उचलून आणला होता. मग मी वर्णन केले : झाडाचा पिवळसर, काचेसारखा ठिसूळ चीक, विस्तवावर टाकला की भपकन पेटणारा. “मग राळ म्हणा ना ताई,” असे म्हणत त्यांनी मागच्या फळीवरचा डबा खाली काढला. ज्या वस्तूसाठी मी दोन महिने परदेशी संकेतस्थळे धुंडाळत होते, ती घरापासून पंधरा मिनिटांवर सुट्या मापाने मिळत होती.

एन्कॉस्टिक म्हणजे उष्ण मेणचित्रण. वितळलेल्या मधमाशांच्या मेणात थोडी राळ आणि कोरडा रंग मिसळून ते मिश्रण गरम असतानाच फळीवर लावायचे आणि प्रत्येक थर पुन्हा आच देऊन खालच्या थराशी एकजीव करायचा, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘भाजून आत बसवलेले’ असा होतो. इजिप्तमधील फायूम भागात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत मृतांच्या आवरणावर बसवण्यासाठी पातळ लाकडी फळ्यांवर जी व्यक्तिचित्रे रंगवली गेली, त्यांतील अनेक या पद्धतीची आहेत आणि त्यांचे डोळे आजही ओलसर वाटतात. मेण पाणी शोषत नाही आणि जवसाच्या तेलासारखे कालांतराने पिवळे पडत नाही, हे त्याचे एक कारण. वाळवंटातील कोरडी हवा हे दुसरे. यातील पहिले कारण आपल्याला उपलब्ध आहे, दुसरे नाही. म्हणून पुढील सर्व सूचना खाडीकाठच्या दमट हवेला धरून दिल्या आहेत.

मेण आणि राळ यांची जोडी आपल्याकडे नवी नाही. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात आणि त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या धातूच्या ओतकामात, तसेच बस्तरच्या ढोकरा कारागिरांच्या साच्यांत, मेणाला ताठरपणा यावा म्हणून राळ घालतात. तयार एन्कॉस्टिक रंगांच्या वड्या बाहेरून मागवता येतात आणि त्या उत्तम असतात. परंतु नवशिक्याने त्यांनी आरंभ करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. महाग रंग वाया घालवण्याची भीती हातात बसते आणि मेणचित्र शिकताना पुष्कळ वाया घालवावे लागते. साहित्य जवळचे घ्यावे, मात्र प्रत्येक वस्तू पारखून घ्यावी.

मेण : कोणते घ्यावे, कसे तपासावे

सह्याद्रीत सातेरी आणि मेलीफेरा या पेटीत पाळल्या जाणाऱ्या माशा, तर आग्या आणि फुलोरी या उघड्यावर पोळे बांधणाऱ्या. चित्रासाठी शक्यतो पेटीतल्या माशांचे मेण घ्यावे, कारण ते स्वच्छ असते आणि त्यासाठी मोहोळ जाळलेले नसते. महाबळेश्वर परिसर, जिथल्या मांघर गावाला २०२२ साली मधाचे गाव म्हणून ओळख मिळाली, आणि पुण्याची १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही मधपाळांपर्यंत पोहोचण्याची दोन चांगली ठिकाणे आहेत. बेलापूरच्या सिडको अर्बन हाटमध्ये आणि ठाण्यातील बचत गटांच्या प्रदर्शनांत मध विकणारे येतात. त्यांच्याकडे मधाऐवजी मेणाची चौकशी करावी. पुष्कळदा ते मेण त्यांच्या घरी पोत्यात पडून असते.

मेणात सर्वांत जास्त भेसळ होते ती पॅराफिनची, म्हणजे मेणबत्तीच्या मेणाची. पहिल्या वर्षी एका विक्रेत्याकडून ‘शुद्ध’ म्हणून घेतलेल्या तीन किलो मेणावर मी अकरा चित्रे केली आणि मे महिन्यात त्यांपैकी सात चित्रांचे वरचे थर नखाने सोलता येऊ लागले. तेव्हापासून मी तीन कसोट्या लावते. पहिली हाताची : शुद्ध मेणाचा तुकडा बोटांत मळला की लवचीक होतो आणि मोडला तर कणीदार, निस्तेज भंग दिसतो, पॅराफिन मळताना चुरते आणि बोटांवर तुपकट थर सोडते. दुसरी तापमानाची : शुद्ध मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर मेणबत्तीचे पॅराफिन बहुधा त्याहून खाली. तिसरी कसोटी अधिक विश्वासार्ह आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी एका पेल्यात अशा प्रमाणात मिसळावे की खात्रीच्या मेणाचा खडा त्यात जेमतेम बुडेल. त्याच द्रवात संशयित मेणाचा खडा टाकावा. तो तरंगला, तर त्यात हलके पॅराफिन आहे असे समजावे. हा द्रव ज्वालाग्राही असतो, म्हणून ही तपासणी शेगडीपासून दूर करावी.

कच्चे मेण घरी स्वच्छ करता येते. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात मेणाचे तुकडे सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडावेत आणि पाणी न उकळता गरम ठेवावे. मेण कापडातून झिरपून वर येते आणि पोळ्याचा गाळ आत राहतो. या कामाला लोखंडी भांडे वापरू नये, त्याने मेण काळपट होते. पातेले झाकून रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यावे; सकाळी वर जाड वडी तयार असते आणि तिच्या खालच्या बाजूला चिकटलेला तपकिरी गाळ सुरीने खरवडून काढता येतो.

मेणाचा पिवळा रंग निळ्या आणि पांढऱ्या छटांना मारतो. बाजारात रसायनाने विरंजित केलेले पांढरे मेण मिळते, परंतु ते पुढे पुन्हा पिवळे पडू शकते. उन्हाने फिके केलेले मेण मला अधिक भरवशाचे वाटते. किसणीने मेणाचे पातळ काप करावेत, पसरट ताटात पाण्यात तरंगत ठेवावेत आणि गच्चीवर ऊन द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन मात्र टाळावे, नाहीतर काप वितळून पुन्हा एकच वडी होते, हे मी दोनदा अनुभवले आहे. सकाळी सात ते साडेदहा, रोज पाणी बदलून, दहा-बारा दिवस इतके पुरते. गेरू, काळा, तपकिरी यांसाठी हा खटाटोप करण्याची गरज नाही. तिथे पिवळे मेण उलट शोभून दिसते.

राळ आणि राळमेण

राळ म्हणजे मुख्यतः साल वृक्षाचा चीक. परदेशी चित्रकार वापरतात ते डॅमरही याच कुळातील झाडांपासून येते. अडचण अशी की आपल्या बाजारात चीड वृक्षापासून काढलेले रोझिनही ‘राळ’ म्हणूनच विकले जाते आणि ते कालांतराने गडद व ठिसूळ होते. खडा खलबत्त्यात फोडून वास घ्यावा : टर्पेंटाइनसारखा उग्र वास आला आणि भुकटी बोटांना चिकटली, तर तो माल परत करावा. सालाच्या राळेला मंद, धुपासारखा वास असतो.

जत्रेत आणि दशावतारात पेटत्या टेंभ्यावर भुकटी फेकून जो जाळ उडवतात, तीच ही राळ. ‘टीकेची राळ उडवणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. म्हणून राळेची भुकटी गॅसच्या शेगडीजवळ उघडी ठेवू नये आणि ती मेणात घालताना भुकटी न घालता वाटाण्याएवढे खडे घालावेत.

राळमेण, म्हणजे सर्व रंगांचा पाया असलेले रंगहीन मिश्रण, करण्यासाठी वजनाने आठ भाग मेण आणि एक भाग राळ घ्यावी. ८०० ग्रॅम मेण, १०० ग्रॅम राळ हे सोयीचे प्रमाण आहे. राळ वाढवली की पृष्ठभाग कडक होतो, चकाकी वाढते आणि उन्हाळ्यात चित्र टिकून राहते. पण फार वाढवली की थर काचेसारखा तडकतो. ठाण्याच्या उन्हाळ्यासाठी मी सहास एक या प्रमाणापर्यंत जाते, त्यापुढे नाही.

प्रथम मेण स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात ८० अंशांपर्यंत वितळवावे, मग राळेचे खडे थोडेथोडे घालून तापमान ११० अंशांच्या आसपास न्यावे आणि लाकडी उलथन्याने ढवळत राहावे. राळ आधी चिकट गोळ्यासारखी तळाशी बसते. घाबरून आच वाढवू नये. अर्ध्या-पाऊण तासात ती विरघळते. मग मिश्रण पंच्याच्या दुहेरी कापडातून गाळावे, कारण राळेत सालीचे तुकडे आणि मुंग्यासुद्धा निघतात. गाळलेले मिश्रण सिलिकॉनच्या साच्यांत किंवा तेलाचे बोट फिरवलेल्या स्टीलच्या वाट्यांत ओतून त्याच्या वड्या पाडाव्यात व प्रत्येक वडीवर प्रमाण आणि तारीख कोरून ठेवावी. अशी नोंद नसलेली वडी सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरते, कारण ती कोणत्या प्रमाणाची आहे हे डोळ्यांना कळत नाही.

रंग : वाण्याकडे काय मिळते आणि काय टाळावे

या कामात सर्वांत जास्त आनंद आणि सर्वांत जास्त फसगत रंगांतच आहे. लक्षात ठेवण्याची पहिली गोष्ट अशी की मेणाला रंगद्रव्य लागते, विरघळणारा रंग नव्हे, आणि ते पूर्ण कोरडे असावे लागते. ओलसर भुकटी गरम मेणात पडली की तडतडून अंगावर उडते.

गेरू हा मेणचित्राचा सर्वांत विश्वासू मित्र आहे. दिवाळीच्या सुमारास कुंड्या आणि अंगण रंगवण्यासाठी तो प्रत्येक वाण्याकडे येतो. जव्हारकडची वारली चित्रे ज्या लाल भिंतीवर काढतात, ती भिंत याच गेरूने सारवलेली असते. बाजारातील गेरू मात्र खरखरीत असतो आणि त्यात वाळू असते, म्हणून तो धुवून निथळावा लागतो. पाव किलो गेरू बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी जोरात ढवळावा, मनात तीस अंक मोजावेत आणि वरचे लाल पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे. तळाशी राहिली ती वाळू. दुसऱ्या बादलीतील गाळ दोन दिवस बसू द्यावा, वरचे निवळ पाणी काढून टाकावे आणि उरलेला चिखल ताटात पसरून उन्हात वाळवावा. तो भेगाळून सुटला की पाट्यावर वरवंट्याने घोटावा आणि शेवटी तव्यावर मंद आचेवर दहा मिनिटे परतून उरलेली ओल काढावी. दोन बोटांत चोळल्यावर पावडरीसारखा वाटला, कण लागला नाही, तर गेरू तयार झाला. घोटताना आणि चाळताना तोंडाला मास्क लावावा. कोणतीही खनिज धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

याच रीतीने पिवळी माती, म्हणजे रामरज, आणि हिरमजी, म्हणजे गडद लाल माती, तयार करावी. पिवळी माती तव्यावर अधिक वेळ तापवली की तांबूस होत जाते. एकाच मातीतून चार छटा काढता येतात आणि त्या एकमेकींच्या शेजारी फार छान बसतात. जुन्या भाजक्या विटेचा चुरा मऊ नारिंगी देतो, कोकणातल्या जांभ्याचा चुरा त्याहून गडद. हिरव्यासाठी बांधकामाच्या खडीच्या ढिगात लक्ष ठेवावे : आपल्या काळ्या बेसॉल्ट दगडाच्या पोकळ्यांत कधी कधी मळकट हिरवा पापुद्रा असतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील हिरवा याच जातीच्या हरित मृत्तिकेचा आहे. दोन चमचे भुकटीसाठी एक पूर्ण दुपार जाते, पण असा शांत हिरवा कोणत्याही नळीत मिळत नाही. येऊरच्या बाजूला फिरताना मात्र दगड-माती उचलू नये. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून काहीही नेणे कायद्याने निषिद्ध आहे.

काळ्यासाठी दोन मार्ग आहेत. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून जमवलेले काजळ अत्यंत गडद असते, पण ते मेणात मिसळायला कंटाळा आणते, तरंगत राहते. आधी त्यात दोन-तीन थेंब कच्चे जवसाचे तेल घालून घोटावे. दुसरा मार्ग नारळाच्या करवंटीचा कोळसा. तो बारीक वाटला की उबदार, किंचित पारदर्शक काळा मिळतो. खाडीची ओहोटी रंगवताना मी काजळाला हातही लावत नाही, करवंटीच वापरते.

पांढऱ्याच्या बाबतीत रांगोळी आणि शंखजिरे हे दोन सापळे आहेत. कोरडे असताना पांढरेशुभ्र दिसणारे हे पदार्थ मेणात पडताच पारदर्शक, राखाडी होतात. खडूचेही तसेच. खरा झाकणारा पांढरा हवा असेल, तर टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी रंग-रसायनांच्या दुकानातून घ्यावी. निळाही विकतच घ्यावा. अल्ट्रामरीन मेणात सुरेख दिसतो.

हळद, गुलाल, कुंकू आणि रंगीत रांगोळी वापरू नये. हळदीचे मेण वाटीत सोन्यासारखे दिसते, परंतु माझ्या पश्चिमेच्या खिडकीत लावलेली हळदीची पट्टी पंधरा दिवसांत जवळजवळ पुसली गेली. प्रत्येक नवा रंग अशाच पट्टीवर लावावा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकावी आणि तीन महिने खिडकीत ठेवून मगच चित्रात घ्यावा. शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ यांना तर घरात तापवूच नये : पारंपरिक शेंदरात शिसे असते, हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक. पूजासाहित्याच्या दुकानात ते सहज मिळतात, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत.

रंग मिसळताना आरंभी १०० ग्रॅम राळमेणाला १० ग्रॅम रंगद्रव्य घ्यावे आणि फळीच्या तुकड्यावर थेंब टाकून पाहावा. वाटीतला रंग नेहमी गडद भासतो, त्यावर विश्वास ठेवू नये. गेरू आणि हिरमजी जड असल्याने तळाशी बसतात. प्रत्येक वेळी ब्रश बुडवण्याआधी ढवळावे.

फळी

मेणाला कडक आणि शोषक पृष्ठभाग लागतो. ताणलेल्या कापडावर थर तडकतात, म्हणून कॅनव्हास नको. फर्निचरचे काम चाललेल्या कोणत्याही इमारतीत सुतारांकडे प्लायचे तुकडे मागितले तर मिळतात. १२ मिलिमीटर जाडीचा, आयएस ७१० शिक्का असलेला पाण्याला टिकणारा प्लाय उत्तम. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, दमट हवेत कडांनी फुगते. सुरुवातीला २० बाय २० सेंटिमीटरचे वीसएक तुकडे जमवावेत.

कोऱ्या लाकडावर थेट काम करता येते. पांढरी भूमी हवी असेल, तर बाजारातील अॅक्रिलिक प्रायमर लावू नये, कारण तो प्लास्टिकसारखा थर तयार करतो आणि मेण त्यावर नुसते बसते, आत शिरत नाही. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सरस एक भाग आणि पाणी दहा भाग घेऊन रात्रभर फुगवावा, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून न उकळता पातळ करावा आणि त्यात साय होईल इतपत खडूची भुकटी कालवावी. एकमेकांना काटकोनात असे चार पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा, शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवावा. पावसाळ्यात सरसावर बुरशी धरते. अशा वेळी चिंचोक्याच्या खळीने हातकागद फळीवर चिकटवणे सोपे पडते. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी कापडाला हीच खळ आणि खडू लावतात. तिच्यात लवंगेच्या तेलाचे काही थेंब टाकावेत. फळीच्या मागच्या बाजूलाही एक हात अवश्य द्यावा, नाहीतर ऑगस्टपर्यंत ती पापडासारखी वाकते.

आच आणि जागा

उघड्या ज्वाळेवर मेण कधीही तापवू नये. तापमान राखणारी विजेची हॉटप्लेट घ्यावी, तिच्यावर बिडाचे आप्पेपात्र ठेवावे आणि त्याच्या सात खळग्यांत सात रंग वितळवावेत. मला याहून सोयीची रंगपाटी अजून सापडलेली नाही. ते पात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, आणि घरातील इतरांना तसे आधीच सांगावे. एक साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर मेणात बुडवून ठेवावा. काम ८० ते ९० अंशांत चालते. मेणातून धूर दिसू लागला, म्हणजे तापमान फार वर गेले आहे. तो धूर डोळ्यांना आणि घशाला जाचतो. अशा वेळी प्लेट बंद करून खोलीबाहेर जावे.

खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि समोरचे दार किलकिले ठेवावे. छताचा पंखा मात्र बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या वाऱ्याने मेण ब्रशवरच थिजते. मे महिन्यात हे किती कष्टाचे असते, ते लिहिण्याची गरज नाही. मी उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठ एवढेच काम करते. थर एकजीव करण्यासाठी लागणारी, गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन साधारण १५०० ते २००० वॉटची असते. ती भिंतीवरच्या साध्या सहा अँपिअरच्या प्लगला लावू नये, गीझरच्या सोळा अँपिअरच्या प्लगवर चालवावी, आणि हॉटप्लेट वेगळ्या सर्किटवर ठेवावी. मेण पेटलेच तर पाणी ओतू नये, त्याने जाळ उसळतो. घट्ट झाकण टाकावे आणि वीज बंद करावी. कोरड्या भुकटीचे अग्निशामक हाताशी असावे.

ब्रश नैसर्गिक केसांचे, डुकराच्या किंवा बकरीच्या, कारण कृत्रिम केस वितळतात. ते धुवायचे नसतात; रंगागणिक वेगळा ब्रश ठेवावा आणि तो थिजलेल्या अवस्थेतच राहू द्यावा. दुसऱ्या दिवशी तव्यावर टेकवला की मऊ होतो. गरम मेण सिंकमध्ये ओतणाऱ्याला सोसायटीची पुढची सभा जड जाते.

पहिले चित्र, टप्प्याटप्प्याने

फळी हीट गनने हाताला कोमट लागेल इतकी गरम करावी. तिच्यावर रंगहीन राळमेणाचा एक पातळ हात एका दिशेने द्यावा आणि हीट गन १०-१५ सेंटिमीटर अंतरावर धरून ती सतत फिरवत ठेवावी. पृष्ठभाग मॅट असतो, मग क्षणभर ओल्या रस्त्यासारखा चमकतो. ती चमक दिसताच गन पुढे सरकवावी. हाच तो ‘भाजून आत बसवण्याचा’ क्षण आहे आणि या कलेतील निम्मे कौशल्य तो ओळखण्यात आहे. चमक येण्याआधी थांबलात तर थर पुढे सुटून येतो, उशिरा थांबलात तर खालचे रेखाटन वाहून जाते. माझ्या पहिल्या चित्रात कळवा पुलाची कमान मी डोळ्यांदेखत खाडीत वाहून जाताना पाहिली.

लहान बुडबुडे लाकडातील हवेचे असतात. पहिला थर नीट बसवला की ते थांबतात. असे दोन रंगहीन थर झाले, की फिक्या रंगापासून गडदाकडे जावे. प्रत्येक हातानंतर एकजीव करणे चुकवू नये. ‘दोन थर एकदम भाजू’ हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो आणि प्रत्येकाला भोवतो.

सहा-सात थर झाल्यावर फळी दहा मिनिटे निवू द्यावी आणि मग खरी गंमत सुरू होते. दाभणाने किंवा जुन्या कंपासच्या टोकाने रेघ कोरावी, त्या खाचेत करवंटीच्या काळ्याचे मेण भरावे, निवल्यावर वरचे जादा मेण पातीने सपाट खरवडावे. रेघ चाकूने कापल्यासारखी स्वच्छ उरते. याच खरवडण्याने खालचे गेरूचे थर वर आणता येतात. कागदही थरांत दाबता येतो : अमेरिकी चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९५४-५५ मध्ये केलेल्या ‘फ्लॅग’ या चित्रात मेणात बुडवलेले वर्तमानपत्राचे तुकडे वापरले आणि ते छापील शब्द रंगाखालून आजही दिसतात. मराठी वर्तमानपत्राची पट्टी वितळलेल्या राळमेणात बुडवून चिकटवली की कागद पारदर्शक होतो आणि मागच्या पानावरची अक्षरेही उलटी दिसू लागतात. ते हवे की नको, हे आधी ठरवावे.

हात कसा बसतो

पहिले तीन महिने चित्र करू नये, नमुने करावेत. वीस तुकड्यांपैकी पाचांवर फक्त राळेची प्रमाणे, पाचांवर गेरूच्या छटा, पाचांवर कोरीव रेघा आणि उरलेल्यांवर मुद्दाम चुका : जास्त आच, ओला रंग, तेलकट फळी. प्रत्येकाच्या मागे तारीख, प्रमाण आणि त्या दिवसाची हवा लिहावी. ही वही म्हणजे पुढच्या अनेक वर्षांचे भांडवल असते.

त्यानंतर एकच विषय घ्यावा आणि चारच रंग. मी ओहोटीची खाडी घेतली, कारण चिखलाचे थर आणि मेणाचे थर यांचा स्वभाव एकच आहे : दोन्हींत आधीचे काहीही पूर्ण नाहीसे होत नाही. गेरू, पिवळी माती, करवंटीचा काळा आणि टायटॅनियम पांढरा इतक्यावर मी सतरा फळ्या केल्या. नवव्या फळीपर्यंत मी तेलरंगाच्या सवयीने मेण ‘रंगवत’ होते. दहाव्या फळीवर एक बिघडलेला भाग रागाने खरवडला आणि खालून आलेला पिवळा पाहून समजले की इथे चित्र लावून कमी आणि काढून अधिक घडते. ज्याचा हात खरवडायला कचरतो, त्याने या माध्यमाच्या नादी लागू नये, असे मी थोड्या कठोरपणे म्हणेन.

विद्यार्थी अनेकदा विचारतात की थांबायचे कधी. माझा नियम व्यवहारी आहे : सलग दोन वेळा आच देऊन चित्र सुधारले नाही, तर प्लेट बंद करावी आणि फळी आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवावी.

उन्हाळा, पावसाळा आणि वाहतूक

मेणचित्र खोलीच्या तापमानात सुरक्षित असते, पण थेट उन्हात किंवा बंद गाडीत नाही. मे महिन्यात घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत एका प्रदर्शनासाठी नेत असलेल्या दोन चित्रांवर त्यांच्याच वेष्टणाच्या फुगवट्यांची नक्षी उमटली. आता मी बबल रॅप चित्राला थेट लावत नाही. आधी बटर पेपर, मग कोपऱ्यांना उंचवटे देऊन पुठ्ठ्याची पेटी, आणि प्रवास सकाळी. चित्रांचे तोंड एकमेकांना लावून कधीही ठेवू नये.

पावसाळ्यात मेणाला काही होत नाही, मागच्या लाकडाला होते. फळी आणि भिंत यांच्यात बोटभर अंतर राहील असे लाकडी ठोकळे मागे लावावेत. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगूच नये. काच लावण्याची गरज नसते, मात्र कडेला फळीपेक्षा थोडी वर येणारी पट्टीची चौकट द्यावी, कारण मेणाच्या कडा टवके उडून जातात.

पहिले काही महिने, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी, पृष्ठभागावर दुधी झाक येते. ती बुरशी नव्हे, मेणाचाच मोहर आहे. जुन्या धुवट सुती साडीचा मऊ तुकडा घ्यावा, चित्र गार असताना तळहाताच्या उबेने हलके गोल चोळावे. झाक जाते आणि गेरू पुन्हा आतून उजळतो. सहा महिन्यांनी हे पुन्हा एकदा करावे, त्यानंतर वर्षातून एकदा पुरते.